असीरगडच्या शेतात मेटल डिटेक्टर नेमका कशाला बीप देत होता?

मार्च २०२५ मधले ते व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. काळोखी रात्र, शेतभर हलणारे मोबाइलचे टॉर्च, कुदळी, फावडी, माती चाळायच्या चाळण्या आणि काहींच्या हातात चक्क मेटल डिटेक्टर. ठिकाण होतं मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळचं असीरगड. महामार्गाच्या कामासाठी खोदलेली माती शेतांत आणून टाकली, त्यात मुघलकालीन सोन्याची नाणी निघाली, अशी कुजबुज पसरली आणि आसपासच्या गावांतली माणसं रात्री शेतात उतरली. त्याआधी महिन्याभरापूर्वी, १४ फेब्रुवारीला, 'छावा' प्रदर्शित झाला होता. बातम्यांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली आणि विषय देशभर गाजला.

यातली गंमत अशी की, चित्रपटाच्या सुरुवातीला जी मोहीम आहे ती बुऱ्हाणपूरची. जानेवारी १६८१ च्या अखेरीस मराठ्यांनी हे श्रीमंत शहर लुटलं, हा इतिहास आहे. म्हणजे तिथलं धन मराठे घेऊन गेले, ही तर त्या प्रसंगाची गोष्टच! शिवाय बुऱ्हाणपूर शहर आणि असीरगड यांच्यात वीसेक किलोमीटरचं अंतर आहे. अर्थात, जुनी नाणी या भागात सापडूच शकत नाहीत असं नाही. बुऱ्हाणपूरला मुघलांची टांकसाळ होती, आणि सातपुड्यातल्या खिंडीवर बसलेल्या असीरगडाला 'दख्खनचा दरवाजा' म्हणायचे. १६०१ मध्ये अकबराने तो फारुकी सुलतानांकडून घेतला. इतकी शतकं लष्कराची आणि व्यापाऱ्यांची ये-जा असलेल्या वाटेवर एखादं नाणं पडलेलं असणं अगदीच शक्य आहे.

चर्चा झाली ती पिक्चरची, लोकांच्या हव्यासाची आणि मीम्सची. एक साधा प्रश्न मागे पडला. ते यंत्र त्या मातीत काम तरी करत होतं का?

थोडक्यात उत्तर: बीप येत असणार, भरपूर येत असणार. पण त्यातले बरेचसे मातीचेच. मेटल डिटेक्टर विकत घेणं सोपं आहे, ऑनलाइन काही हजारांत मिळतो. अवघड आहे ते तो जमिनीप्रमाणे लावणं. आणि आपल्याकडची जमीन या यंत्राची कसोटी पाहणारी आहे.

यंत्राला सोनं कळतं का?

नाही. जगातल्या कुठल्याही मेटल डिटेक्टरला सोनं ही 'वस्तू' कळत नाही.

यंत्राच्या टोकाला जी गोल थाळी असते, तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तिला कॉइल म्हणतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडली जाते, त्यामुळे खाली बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या आत विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात आणि ते स्वतःचं उलटं क्षेत्र तयार करतात. दुसरं वेटोळं हे उत्तर ऐकतं. उत्तर किती जोरात आलं आणि किती उशिरा आलं, या दोनच गोष्टी यंत्राला समजतात. बाकी सगळा अंदाज.

चांदी आणि तांब्याचं उत्तर एका प्रकारच्या उशिराने येतं, लोखंडाचं दुसऱ्या. सोन्याची अंगठी यांच्या अधेमधे कुठेतरी पडते. नेमकी तिथेच थंड पेयाच्या कॅनची कडी पडते आणि औषधाच्या गोळ्यांचं अॅल्युमिनियमचं पाकीटही तिथेच रेंगाळतं. स्क्रीनवर आकडा सारखाच. म्हणून 'फक्त सोनं दाखवा' असं बटण कुठल्याच प्रामाणिक यंत्रावर नसतं.

विमानतळावर किंवा मोठ्या देवळाच्या दारात जो हातातला डिटेक्टर अंगावरून फिरवतात, त्याला हा त्रास नाही, कारण तुमच्या-आमच्यामागे हवा असते. शेतात मात्र वस्तूच्या भोवती, वर, खाली माती असते. आणि माती गप्प बसत नाही.

हा धडा पहिल्यांदा मिळाला तो फार जुना. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकली आहे हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्यासाठी धातू शोधणारं यंत्र जुळवलं. प्रयोगशाळेत ते चाललं, पण अध्यक्षांच्या खोलीत सगळीकडेच आवाज देऊ लागलं. गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या! शिवाय डॉक्टरांनी शरीराची चुकीचीच बाजू तपासायला दिली होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड वारले. जमीन हीसुद्धा स्प्रिंगांची गादीच आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

'ग्राउंड बॅलन्स' म्हणजे जमिनीचा पासंग

बाजारात जुन्या तागडीने भाजी तोलणारे लोक आधी रिकामी तागडी उचलून पाहतात. एक पारडं झुकत असेल तर दुसऱ्यात लहानसा खडा टाकून काटा सरळ करतात. तो पासंग. मेटल डिटेक्टरमधलं सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग म्हणजे ग्राउंड बॅलन्स, आणि ते नेमकं हेच करतं. खालच्या मातीचं स्वतःचं उत्तर किती आहे ते आधी मोजायचं, आणि यंत्राला सांगायचं की एवढं वजा धर.

पद्धत अशी. धातू नाही अशी जागा बघायची. सगळे धातू ऐकू येतील असा मोड लावायचा. मग कॉइल जमिनीपासून हातभर वर न्यायची आणि अगदी जवळ, दोन-तीन सेंटिमीटरवर आणायची. वर-खाली, वर-खाली. जमिनीजवळ येताना आवाज वाढत असेल किंवा दबत असेल तर पासंग चुकलाय. आवाज सारखा राहीपर्यंत बटण फिरवायचं. बऱ्या यंत्रांत एक बटण दाबून धरलं की हे आपोआप होतं आणि काही यंत्रं चालता चालता हिशेब बदलत राहतात. अनेक यंत्रांवर ० ते ९९ असा आकडा दिसतो. खारट ओली वाळू खालच्या टोकाला, लोहयुक्त काळी माती वरच्या टोकाला.

स्वस्त यंत्रांत हे बटण बहुतेकदा नसतंच. पासंग कारखान्यात एकदाच ठरवून टाकलेला असतो, कुठल्यातरी सौम्य मातीच्या हिशेबाने. ते यंत्र घेऊन माणूस असीरगडला जातो.

काळी, जांभी आणि पांढरी

असीरगडचा डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच काळ्या दगडाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापून मध्य प्रदेशात आणि गुजरातेत गेले आहेत. हा दगड झिजून कापसाची काळी माती झाली. या दगडात मॅग्नेटाइट आणि त्याच्या जातकुळीतली लोहखनिजं असतात, ती मातीतही उतरतात.

खात्री करायची असेल तर आज संध्याकाळी करून पाहा. एक चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि ओढ्याकाठच्या कोरड्या वाळूतून किंवा शेतातल्या मातीतून फिरवा. पिशवीला काळी बारीक पूड चिकटेल. पिशवी उलटी केली की पूड कागदावर जमा. ही पूड म्हणजे मेटल डिटेक्टरसाठी जमीनभर पसरलेला गोंगाट आहे. तिचं उत्तर उशीर न लावता येतं पण प्रचंड जोरात येतं, आणि खालच्या नाण्याचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो.

कोकणातला आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरचा जांभा आणखी वेगळा. लाल जांभ्यात मॅगेमाइट नावाचं लोहखनिज अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असतं. हे कण चुंबकीय क्षेत्र काढून घेतल्यावरही क्षणभर त्याचा परिणाम धरून ठेवतात, म्हणजे धातूसारखंच उशिराने उत्तर देतात. त्यामुळे साध्या पासंगालाही ते चकवतात. कंबोडिया, अंगोला, मोझांबिक या देशांत भूसुरुंग काढणाऱ्या पथकांना अशाच लाल मातीने वर्षानुवर्षं छळलं आहे. काही सुरुंगांत धातू फार तर ग्रॅमभर असतो, आणि माती त्याहून मोठ्याने बोलते. तिथे चुकीच्या सेटिंगची किंमत पाय किंवा जीव असते. म्हणूनच या यंत्रांचं बरंचसं गंभीर संशोधन या क्षेत्रासाठी झालं. ऑस्ट्रेलियातल्या लोहयुक्त जमिनीत सोन्याचे गोळे शोधणाऱ्यांनीही त्याला मोठा हातभार लावला.

तिसरी माती पांढरी. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा फरक गावाकडच्यांना सांगायला नको. शेकडो वर्षं माणसं राहिली तिथे चुली पेटल्या, भट्ट्या लागल्या, भांडी फुटली, राख पडली. माती तापली की तिच्यातल्या लोहखनिजांचं रूप बदलतं आणि ती जास्त चुंबकीय होते. भाजलेली वीट, खापर, चुलीची जागा यांना स्वतःची चुंबकीय ओळख असते. त्यामुळे जुन्या वस्तीच्या जागी पासंग दर चार पावलांवर बदलतो. खजिना शोधणाऱ्याला हा वैताग. पुरातत्त्व अभ्यासकांसाठी मात्र हीच माहिती असते. ते चुंबकीय मोजणीची यंत्रं घेऊन, एक फावडंही न मारता, जमिनीखालच्या भिंती आणि भट्ट्यांचा नकाशा काढतात.

आता असीरगडच्या शेतातली माती बघा. ती मूळ जागची नव्हतीच. रस्त्याच्या कामातून उचलून आणलेली भर: काळी माती, मुरूम, बेसॉल्टचे तुकडे, आणि कुठल्याही बांधकामाच्या भरावात असतात तसे खिळे आणि तारेचे तुकडे असणार. अशा मिश्रणाला एक पासंग लागूच होत नाही. आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असलेला दगडाचा तुकडा तर हुबेहूब धातूसारखी बीप देतो. जाणकार त्याला 'हॉट रॉक' म्हणतात. त्यात लोकांनी आधीच खड्डे खणलेले. लोहयुक्त जमिनीत कॉइल खड्ड्याच्या कडेवरून गेली की मातीचं अंतर एकदम बदलतं आणि यंत्र ओरडतं. म्हणजे कालचा खड्डा आज नवं 'सोनं' दाखवतो.

आणि शेजारी उभ्या माणसाची लोखंडी कुदळ? तीसुद्धा मोजा. हातातला मोबाइल, जवळची वीजवाहिनी, दहा पावलांवर चालू असलेला दुसरा डिटेक्टर, हे सगळे वेगळा खडखडाट घालतात. एका शेतात गर्दीने डिटेक्टर फिरवणं म्हणजे एका खोलीत पाच जणांनी पाच रेडिओ लावण्यासारखं आहे.

मग सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवायची का?

नवखा माणूस सगळ्यात आधी हेच करतो. आणि हीच सगळ्यात मोठी चूक.

घाटात दाट धुकं असताना तुम्ही अप्पर लाइट मारली तर काय होतं? रस्ता दिसायचा सोडून समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण उजेड धुक्यावरूनच परत येतो. डिप्पर केला की निदान पुढची पट्टी दिसते. काळ्या मातीत सेन्सिटिव्हिटी हा अप्पर-डिप्परचा खेळ आहे. वाढवली की मातीचं उत्तरही तेवढंच वाढतं. यंत्र स्थिर होईपर्यंत ती खाली आणायची, मग कॉइल जमिनीला समांतर, एकाच उंचीवर, सावकाश फिरवायची. कॉइलही मोठी नको. मोठी थाळी एका वेळी जास्त माती 'बघते' म्हणजे जास्त गोंगाट गोळा करते. छोटी थाळी कमी माती बघते आणि खिळ्याशेजारचं नाणं वेगळं दाखवू शकते.

खोलीबद्दलचा गैरसमजही इथेच मिटवू. कॉइलच्या मानाने लहान वस्तू लांब असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर तिचा इशारा निम्मा होत नाही, जवळपास ६४ पटींनी घटतो. जाताना चुंबकीय क्षेत्र क्षीण होतं आणि येताना उत्तरही क्षीण होतं, म्हणून हा दुहेरी मार. मुघल मोहोर साधारण ११ ग्रॅमची, आकाराने आपल्या नाण्याएवढी. अशी वस्तू सौम्य मातीत चांगलं यंत्र २० ते ३० सेंटिमीटरपर्यंत पकडतं. काळ्या मातीत त्याहून बरंच कमी. ऑनलाइन जाहिरातीत 'दहा मीटर खोल' लिहिलेलं असेल तर ते नाण्याबद्दल नक्कीच नाही.

समुद्रकिनाऱ्यावर गणित उलटं का होतं?

किनाऱ्यावरची कोरडी, पांढरट वाळू ही डिटेक्टरसाठी सगळ्यात सोपी जमीन. सहलीला आलेल्यांच्या अंगठ्या, पैंजण, किल्ल्या हरवतात त्याही बहुतेक इथेच, आणि हरवलेली वस्तू शोधून मूळ मालकाला देणं हा या यंत्राचा सगळ्यात निरुपद्रवी उपयोग. इथे सेन्सिटिव्हिटी बिनधास्त वर ठेवता येते.

भरतीची रेषा ओलांडून ओल्या वाळूत पाऊल टाकलं की सगळं बदलतं. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात आणि असं पाणी वीज वाहून नेतं. म्हणजे ओली वाळू हा एक भलामोठा, पातळ धातूच झाला. लाट कॉइलवरून गेली की बीप, पावलाच्या ठशात पाणी साचलं की बीप. उपाय: कोरड्या वाळूतला पासंग इथे चालत नाही, ओल्या वाळूवर नव्याने काढायचा. यंत्रात 'बीच मोड' असेल तर तो लावायचा. सेन्सिटिव्हिटी खाली. आणि चालायचं पाण्याच्या रेषेला समांतर, म्हणजे ओलावा एकसारखा राहतो. आडवं, पाण्याकडून कोरड्याकडे फिरलात तर जमीन दर झोक्याला बदलत राहील.

इथेच या यंत्राची खरी अडचण दडलेली आहे. खाऱ्या पाण्याचं उत्तर आणि सोन्याच्या बारीक साखळीचं उत्तर जवळजवळ सारखं असतं. दोन्ही कमजोर, दोन्ही चटकन विझणारी. पाण्याला 'वजा' करताना साखळीही वजा होते. ओल्या वाळूत जाड अंगठी सापडते आणि नाजूक चेन राहून जाते, याचं कारण हेच. मंगळसूत्रातली वाटी मिळेल, सर मिळेलच असं नाही.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर दोन्ही संकटं एकत्र येतात. तिथल्या वाळूत इल्मेनाइटचे काळे पट्टे आहेत, भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत त्यांची नोंद असते. लाटा हलकी वाळू मागे ओढून नेतात आणि जड काळे कण पट्ट्यांत साचतात. सोबत मॅग्नेटाइटही असतं. आता पासंगाच्या आकड्यांची पट्टी आठवा: मीठ एका टोकाला, लोह दुसऱ्या टोकाला. एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं साधं यंत्र एका वेळी एकाचाच पासंग काढू शकतं. मिठाला गप्प केलं तर काळी वाळू बोलते, काळ्या वाळूला दाबलं तर मीठ.

यावर दोन उत्तरं निघाली. एक, एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी सोडणारी यंत्रं. मीठ आणि धातू वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींना वेगवेगळं वागतात, त्या फरकातून मीठ बाजूला काढता येतं. दुसरं, पल्स इंडक्शन. यात वीज सतत न सोडता झटक्याने सोडतात, बंद करतात आणि काही मायक्रोसेकंद थांबून मग ऐकतात. तेवढ्या वेळात मिठाचं उत्तर विझलेलं असतं, धातूचं अजून रेंगाळत असतं. मॅग्नेटाइटचाही त्रास फारसा होत नाही. पण थांबायचा वेळ वाढवला की पातळ सोनं पुन्हा निसटतं. जांभ्यातले ते सूक्ष्म कण इथेही छळतात. आणि या यंत्राला लोखंड-सोनं फरक जवळजवळ कळत नाही, त्यामुळे प्रत्येक खिळा खणून बघावा लागतो.

'लोखंड नको' हे बटण आणि आपला एक रुपया

डिस्क्रिमिनेशन हे सेटिंग ऐकायला छान वाटतं: लोखंडाला बीपच देऊ नको. पण ही चाळणी जितकी बारीक कराल तितकं चांगलंही अडकतं. गंजक्या खिळ्याशेजारी नाणं असेल तर खिळ्यासोबत नाणंही गप्प होतं. अॅल्युमिनियमचा कचरा गाळायला गेलात तर अंगठ्याही गाळल्या जातात. लोहयुक्त मातीत तर खोलवरच्या चांगल्या धातूलाही यंत्र 'लोखंड' म्हणून मोकळं होतं, कारण मातीचा रंग त्या उत्तराला लागलेला असतो.

आपल्याकडे आणखी एक भारतीय गुंता आहे. नाशिकच्या गोदाघाटावर दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. १९९२ पासूनचं एक रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं आहे, म्हणून त्यांचा धंदा चालतो. पाश्चात्त्य यूट्यूबर सांगतो म्हणून लोखंडाची चाळणी लावून तुम्ही घाटावर उतरलात, तर यंत्राची दिशाभूल व्हायला हा रुपया पुरेसा आहे. पन्नास रुपयांच्या चुंबकाचं काम मात्र बिनबोभाट चालू असतं.

मग ते 'लाँग रेंज' सोनं-शोधक?

रील्समध्ये अँटेना असलेली छोटी पेटी दिसते. हातात धरा, अँटेना आपोआप सोन्याकडे वळेल, शंभर मीटरवरून! यात वर सांगितलेलं एकही भौतिकशास्त्र नाही. सेटिंग नाही, पासंग नाही, कारण आत मोजणारं काही नसतंच. अँटेना वळते ती मनगटाच्या नकळत हालचालीने. याच जातीचं 'एडीई ६५१' नावाचं यंत्र बॉम्ब-शोधक म्हणून इराकला विकलं गेलं. सैनिक नाक्यांवर त्याच्या भरवशावर गाड्या सोडत राहिले. विकणाऱ्या ब्रिटिश व्यावसायिकाला २०१३ मध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे गुप्तधन शोधायला पूर्वी पायाळू माणूस आणायचे. नंतर मांत्रिक आला, त्यातून इतके भयंकर प्रकार घडले की महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. अँटेनावाली पेटी हा त्याच पायाळूचा बॅटरीवर चालणारा अवतार.

आणि खरंच सापडलं तर?

समजा, माती सोपी आहे, यंत्र चांगलं आहे, सेटिंग बरोबर आहे आणि खरंच नाणं लागलं. तरी ते तुमचं नाही, निदान लगेच नाही.

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे, कधी. लपवलं तर मूळ कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय स्वतःचा वाटा सरकारजमा. गंमत म्हणजे कळवणाऱ्याचा फायदा आहे. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश मालकाचा. सरकारला तो ठेवायचा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. आता बघा, रात्री गुपचूप सोनाराकडे गेलेला माणूस चोरीचा माल म्हणून पडेल भावात विकणार. असीरगडच्या त्या शेतात हे कुणी सांगितलं असतं तर निदान थोड्यांनी हिशेब केला असता.

असीरगड किल्ला हे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं हा १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतो, त्याला देशाबाहेर विकायची खासगी माणसाला परवानगी नाही.

ब्रिटनमध्ये हजारो लोक छंद म्हणून डिटेक्टर फिरवतात, असं उदाहरण नेहमी दिलं जातं. बरोबर आहे. पण तिथे जमीनमालकाची परवानगी घ्यावी लागते, संरक्षित स्थळी विनापरवाना यंत्र वापरणं गुन्हा आहे, आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी सरकारी मदतीची योजना १९९७ पासून चालू आहे, तिच्यात दहा लाखांहून जास्त नोंदी झाल्या आहेत. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या शेतात एका हौशी माणसाला सातव्या शतकाच्या आसपासचं सोनं लागलं. त्याने कळवलं, पुरातत्त्वज्ञ आले, आणि सुमारे ३३ लाख पौंडांची रक्कम तो आणि शेतमालक यांच्यात वाटली गेली. २०१५ मध्ये हियरफर्डशायरला दोघांनी कळवलं नाही, नाणी परस्पर विकली. २०१९ मध्ये दोघांनाही लांब तुरुंगवास झाला. त्या ठेव्यातली बहुतेक नाणी आजवर परत मिळालेली नाहीत.

कळवण्यावर एवढा भर का, हे असीरगडच्या शेताकडे पाहून समजतं. मडक्यात एकत्र सापडलेली वीस नाणी सांगतात की ती कधी पुरली, कुठल्या टांकसाळीची नाणी तेव्हा या वाटेवर चालत होती, पुरणारा सैनिक असेल की सावकार. तीच वीस नाणी वीस खिशांत गेली की उरतं ते फक्त वजन. आणि ती माती मुळात रस्त्याच्या कामात उपसली गेली तेव्हाच अर्धी गोष्ट पुसली गेली होती, हेही खरं. त्या वेळी खोदकामावर कुणी जाणकार उभा होता का, हा प्रश्न रात्री टॉर्च घेऊन आलेल्यांइतकाच दिवसा जेसीबी चालवणाऱ्यांना आणि त्यांना परवानगी देणाऱ्यांनाही विचारायला हवा.

तुमच्या शेतात नांगरताना, विहीर खणताना किंवा घराच्या पायात असं काही लागलंच, तर खणणं तिथेच थांबवा. नाणं चिंचेने किंवा लिंबाने घासू नका, धुऊही नका. आहे त्या जागी फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळेल. फोनवर लोकेशन जतन करा. मग तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नका, नाहीतर रात्री तुमच्या शेतात टॉर्च दिसतील.